आज्यांनी पाली पाठ केली, मग आपल्याला फ्रेंच जड का?



परकीय भाषा शिकण्याचा विषय काढला की आपल्या तरुणांकडून ठरलेली तीन उत्तरं येतात. 'आता वय गेलं.' 'क्लासची फी परवडत नाही.' आणि समोरचा कार्यकर्ता असेल तर तिसरं, 'समाजापुढे एवढे प्रश्न असताना फ्रेंच घेऊन काय करायचं?' ठाणे, कल्याण, डोंबिवली भागातल्या वस्त्यांमध्ये काम करताना ही तिन्ही उत्तरं आम्ही अनेकदा ऐकली आहेत. आम्ही काही जण नोकरी आणि चळवळ सांभाळून क्लासशिवाय फ्रेंच शिकतो आहोत. आमच्यातलं कोणीही शाळेत ही भाषा शिकलेलं नाही. बहुतेकांनी तिशी ओलांडली आहे. तेव्हा या तीनही उत्तरांचा समाचार घेण्याचा हक्क आम्हाला आहे असं आम्ही समजतो.

वय गेलं म्हणणाऱ्यांना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या गर्दीत शेतमजूर होते, गिरणी कामगार होते, कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाया होत्या. त्यांनी त्या दिवशी त्रिशरण आणि पंचशील उच्चारलं ते पाली भाषेत. ही भाषा त्यांच्या घरात, बाजारात, शेतावर कुठेही बोलली जात नव्हती. त्यानंतर काही वर्षांत गावोगावच्या आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये बुद्धवंदना तोंडपाठ म्हणणाऱ्या बाया-पुरुषांची एक पिढीच उभी राहिली. आजही आपल्या भागातल्या कुठल्याही विहारात पौर्णिमेला जाऊन पाहा. सही करताना हात थरथरणारी आजी अख्खी वंदना न अडखळता म्हणते.

हे आपण श्रद्धेची गोष्ट म्हणून पाहतो. आम्ही म्हणतो, ही भाषाशिक्षणाचीही गोष्ट आहे. प्रौढ वयात, शिक्षकाविना किंवा अर्ध्या शिक्षकावर, एका संपूर्ण समाजाने अनोळखी भाषेचे उच्चार जिभेवर बसवले. कसे? आधी कान देऊन ऐकलं. मग सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून म्हटलं. एकट्याची चूक गर्दीत झाकली जात होती, म्हणून लाज आड आली नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी देवनागरीत छापलेल्या वंदनेच्या पुस्तिका हातात धरल्या, शेजारचा मराठी अर्थ वाचला आणि इतरांना सांगितला. आणि हे सगळं महिनोन्‌महिने, न चुकता केलं.

याची मर्यादाही सांगायला हवी. आजीला वंदना येते, पण पालीत दोन नवी वाक्यं जुळवता येत नाहीत. कारण पाठांतराने उच्चार येतो, स्मरण येतं. वाक्य घडवण्याची ताकद येत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो. स्वतःच्या बळावर भाषा शिकणाऱ्याने एकाच पद्धतीवर का विसंबू नये, याचं उत्तर इथेच आहे. प्रत्येक पद्धत भाषेचा एक तुकडा देते. कानाचा अभ्यास वेगळा, हाताचा वेगळा, जिभेचा वेगळा.

फ्रेंच कशाला?

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांचे ढीगभर अभ्यासक्रम त्यांनी घेतले, त्यात प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक होता. पंचविशीच्या आतबाहेरचा, शिष्यवृत्तीचा एकेक दिवस मोजून वापरणारा हा विद्यार्थी परक्या भाषेच्या मुळाक्षरांसाठी वेळ काढतो, यात काही हिशोब असणार. पुढे १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांनी अर्ज लिहिला तो जर्मन भाषेत. आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचा कोश आणि व्याकरण यांवर त्यांनी काम केलं, ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत सोळाव्या खंडात छापलेलं आहे. म्हणजे भाषा शिकणं त्यांनी कुठल्याही वयात थांबवलं नाही.

आता हिशोब पाहू. मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात बाबासाहेब जातीच्या व्याख्या तपासायला घेतात, तेव्हा त्यांच्यासमोर सेनार हा फ्रेंच अभ्यासक आहे. जातीवर युरोपात जे गंभीर लिहिलं गेलं त्यातलं बरंच फ्रेंचमध्ये आहे. सेनारचं पुस्तक १८९६ चं, बूग्लेचं १९०८ चं, आणि ज्याच्याशी वाद घातल्याशिवाय जातीच्या समाजशास्त्रात पुढे जाता येत नाही तो लुई द्युमाँ, त्याचं 'होमो हायरार्किकस' १९६६ चं.

बौद्ध अभ्यासाचं तर विचारूच नका. ब्यूर्नूफ आणि लासेन यांचा पाली भाषेवरचा निबंध १८२६ साली पॅरिसमध्ये छापला गेला. ब्यूर्नूफचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची ओळख करून देणारा मोठा ग्रंथ १८४४ चा. त्याचा इंग्रजी अनुवाद आला २०१० मध्ये. एत्येन लामोत यांचा भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास १९५८ मध्ये फ्रेंचमध्ये आला आणि इंग्रजीत यायला १९८८ उजाडलं. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिक बेटावरचा काळा मानसोपचारतज्ज्ञ. गोऱ्यांच्या जगात काळ्या माणसाच्या मनाचं काय होतं यावरचं त्याचं पहिलं पुस्तक १९५२ चं, इंग्रजी वाचकांच्या हाती १९६७ मध्ये पडलं. जो इंग्रजीची वाट पाहत बसला, तो कधी पंधरा, कधी तीस, कधी एकशे सहासष्ट वर्षं मागे राहिला.

इथे कोणी बाबासाहेबांचाच दाखला देऊन आम्हाला अडवेल. 'हू वेअर द शूद्राज?' या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं आहे की संस्कृतवर प्रभुत्व नसलं तरी पंधरा वर्षं इंग्रजी भाषांतरांतून केलेला अभ्यास या कामासाठी पुरेसा आहे. बरोबर आहे. पण तो युक्तिवाद कोणाला उद्देशून होता ते पाहा. संस्कृत येत नाही म्हणून बोलण्याचा अधिकारच नाही, असं म्हणणाऱ्या पहारेकऱ्यांना दिलेलं ते उत्तर होतं. भाषा नाही म्हणून विचार करायचं थांबू नका, हा त्याचा अर्थ. भाषा शिकू नका, हा नव्हे. तो अर्थ काढायचा असेल तर पालीचा कोश हाती घेणाऱ्या बाबासाहेबांकडे डोळेझाक करावी लागेल.

दुसरी दिशाही आहे. आपलं लिहिलेलं तिकडे कोण नेतं? दया पवारांचं 'बलुतं' फ्रेंचमध्ये नेलं ते गी प्वातव्हँ यांनी. फ्रान्समध्ये जन्मलेला हा माणूस पुण्यात स्थायिक झाला आणि मराठी शिकला. त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण आपल्या पुस्तकांपैकी कुठलं पुस्तक जगात जाईल, कुठल्या शब्दाला कुठला शब्द येईल, हे कायम दुसऱ्याने ठरवावं का? 'येसकर', 'बलुतं', 'हाडकी हडवळा' हे शब्द ज्याच्या घरातले आहेत त्याच्याकडे दुसरी भाषा असती तर त्याने ते कसे नेले असते, हे अजून आपण पाहिलेलं नाही.

पैशाचाही विचार करा. अमेरिका-ब्रिटनच्या विद्यापीठांची फी आपल्याला माहीत आहे. फ्रान्समधल्या सरकारी विद्यापीठांनी २०१९ मध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवली, ती वाढवून पदवीसाठी वर्षाला २,७७० युरो आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ३,७७० युरो ठरली. त्यानंतर आकडे थोडे पुढे गेले आहेत, पण तुलना करून पाहा. मात्र तिथले बहुतेक अभ्यासक्रम फ्रेंचमध्ये चालतात. आपले विद्यार्थी परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना फक्त इंग्रजी देशांची यादी समोर ठेवतात, कारण बाकीच्या जगाचं दार त्यांना दिसतच नाही.

एक सावधगिरीही हवी. फ्रेंच ही क्रांतीची भाषा म्हणून तिच्यापुढे लोटांगण घालायचं कारण नाही. ती गुलाम वसाहतींवर राज्य करणाऱ्यांचीही भाषा होती, आणि मालकाची भाषा मालकासारखी बोलण्याच्या हव्यासाने काळा माणूस स्वतःपासून कसा तुटतो हे फॅननने पहिल्याच प्रकरणात मांडलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण करून दिली खरी, पण १९५४ च्या रेडिओ भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. आपणही याच भूमिकेतून शिकायचं. ज्ञान घ्यायचं, मान झुकवायची नाही.

फी आणि इंग्रजीचं दार

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. आज फ्रेंच कोणी नाकारत नाही. तरी दार बंदच आहे. फ्रेंचचा पर्याय मिळतो तो बहुतेक महागड्या शाळांत, आणि तिथली मुलं पुढे बारावीला तिच्याकडे गुण मिळवून देणारा विषय म्हणून पाहतात. आपली मुलं पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून येतात. आमच्या गटातली एक मुलगी डोंबिवलीतल्या एका खासगी क्लासमध्ये चौकशीला गेली होती. तिला आधी शाळा विचारली, मग माध्यम. मराठी म्हटल्यावर सल्ला मिळाला, 'आधी इंग्रजी पक्कं करा, मग फ्रेंचकडे या.' मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिन्याला. आलियाँस फ्राँसेझ मरीन लाइन्सला. कल्याणहून सीएसएमटी गाठायला जलद लोकलनेही तासाहून जास्त. कामावरून सुटून तिथे जायचं, रात्री परतायचं आणि वर फी भरायची, हे किती जणांना जमेल?

'आधी इंग्रजी' हा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा आहे. फ्रेंचच्या कितीतरी खोड्या मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा आधी कळतात.

इंग्रजीवाला निर्जीव खुर्चीला स्त्रीलिंगी म्हणायला बिचकतो. आपल्यासाठी खुर्ची 'ती'च आहे आणि योगायोगाने फ्रेंचमध्येही. 'मोठा', 'मोठी' असं विशेषण बदलणं आपल्याला उपजत येतं. तिकडे 'ग्राँ' आणि 'ग्राँद'. 'तू' आणि 'तुम्ही' कुठे वापरायचं हे आपल्याला कोणी शिकवत नाही. तिकडे 'त्यू' आणि 'वू'. 'तो गेला, ती गेली' यात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही जाणं-येणं या क्रियापदांच्या भूतकाळात लिहिताना हाच बदल होतो. इतकंच काय, 'मी लिहिलेलं पत्र' आणि 'मी लिहिलेली चिठ्ठी' यात क्रियारूप लिहिणाऱ्याकडे न पाहता लिहिलेल्या वस्तूकडे पाहतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की नेमकं हेच घडतं. मोठे मोठे विद्यार्थी या नियमाला घाबरतात. मराठी माणसाने त्याला घाबरण्याचं काही कारण नाही.

आणि आकडे? फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस आणि दहा. क्लासमधली मुलं यावर हसतात. आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या 'चार विसा' मोजत आल्या आहेत. ज्या मोजणीला अडाणी म्हणून हिणवलं, ती पॅरिसच्या बँकेत चालते.

उच्चारातही तेच. फ्रेंच प, त, क आपल्यासारखे कोरडे आहेत, इंग्रजीसारखा हवेचा फुत्कार त्यात नाही. घशातला 'र' अवघड वाटतो, पण मुंब्रा, कल्याण, भिवंडीच्या मित्रांच्या उर्दूतला 'ग़' नीट ऐका, तुम्ही निम्म्या वाटेवर आहात. ओठ 'ऊ'सारखे गोल करून आतून 'ई' म्हणा, 'त्यू'मधला स्वर येतो. नवी अडचण एकच मोठी आहे. मराठी जवळपास बोलतो तशी लिहितो, फ्रेंच शब्दांची शेवटची अक्षरं अनेकदा मुकी असतात. त्यासाठी कान आणि डोळा दोन्ही एकत्र वापरावे लागतात.

मग करायचं काय?

आमचा दिवस लोकलवर बेतलेला आहे, म्हणून अभ्यासही लोकलवर बेतला. गर्दीत वही उघडता येत नाही, कान मात्र मोकळे असतात. म्हणून जाता-येता फक्त ऐकायचं. फ्रेंच सरकारी रेडिओ आरएफआय रोज सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देतो, त्या मोबाइलवर फुकट मिळतात. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. तरी ऐकायचं. आजीलाही पहिल्या पौर्णिमेला काही कळलं नव्हतं.

फलाटावर उभं असताना शब्दांची कार्डं. अँकीसारखं अ‍ॅप विसरायला आलेला शब्दच नेमका समोर आणतं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. कार्डाच्या एका बाजूला फ्रेंच, दुसरीकडे मराठी लिहा. मध्ये इंग्रजीचा दलाल नको. कागदाचे तुकडे कापूनही हे होतं.

रात्री घरी अर्धा तास हाताचं काम. सकाळी ऐकलेल्या बातमीतली तीन वाक्यं ऐकून लिहायची आणि छापील मजकुराशी ताडून पाहायची. मुकी अक्षरं याशिवाय बसत नाहीत. एका दिवसाआड व्याकरणाचा एकच मुद्दा घ्यायचा आणि त्यावर स्वतःच्या कामाची पाच वाक्यं लिहायची. 'पुस्तक टेबलावर आहे' अशी वाक्यं नकोत. 'आज वस्तीत पाणी आलं नाही', 'मोर्चा अकरा वाजता निघेल' अशी हवीत. जे वाक्य मराठीत रोज बोलता तेच फ्रेंचमध्ये आधी यायला हवं.

रविवारी बोलणं. विहारात, बागेत, कुणाच्या घरी, दोघं-तिघं बसून अर्धा तास मराठी बंद. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मागोमाग म्हणायचं, मग पुस्तक मिटून तेच आपल्या शब्दांत सांगायचं.

ड्युओलिंगोवर शंभर दिवस पूर्ण केले म्हणून भाषा आली असं समजणारेही भेटतात. अ‍ॅप ओळखायला शिकवतं, बोलायला नाही. डेल्फ या फ्रेंच सरकारच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी मिळाले तर बाकी कितीही असले तरी नापास. परीक्षा द्या अगर देऊ नका, ही विभागणी अभ्यासाच्या वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याचा हिशोब तिच्यावर मांडा.

वेळेबाबत खोटं आश्वासन देणार नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना फ्रेंच शिकवायला तीस आठवडे पूर्णवेळ, म्हणजे वर्गाचे सुमारे ७५० तास धरतं. रोज तासभर दिला तर दोन वर्षांहून जास्त. 'तीस दिवसांत फ्रेंच' विकणाऱ्यांपासून दूर राहा. दोन वर्षं रोज एक तास, इतकी साधी किंमत आहे.

ही किंमत एकट्याने मोजणं कठीण जातं, म्हणून संघटना हवी. आपल्या प्रत्येक विहारात एक कपाट आहे, त्यात वंदनेच्या पुस्तिका आहेत. त्याच कपाटात एक शब्दकोश आणि एक व्याकरणाचं पुस्तक ठेवा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. सभासद व्हा आणि परकीय भाषांच्या पुस्तकांची मागणी लेखी नोंदवा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आठवड्यातून दोन तास परकीय भाषेचा वर्ग असावा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आपल्या निवेदनात घालावी. शिष्यवृत्तीसाठी आपण भांडतो, तसं भाषेसाठीही भांडलं पाहिजे. भाषा नसेल तर शिष्यवृत्तीचं दार अर्धंच उघडतं.

समाजाचे प्रश्न पडले आहेत म्हणूनच हे करायचं आहे. आपल्यावर लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, आणि आपण लिहिलेलं जगाला कळत नाही, हाही समाजाचाच प्रश्न आहे. येत्या रविवारी वंदना झाली की दोघांना थांबवून घ्या. पहिला धडा अर्ध्या तासाचा आहे.

जय भीम!